देवीच्या साथीच्या आठवणी कशा टिपाव्यात : मोंबासा ते देवगड

देवीचा रोगी ज्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि ज्यांना तो नीट आठवतो, अशी माणसे आता साठीच्या पुढे गेली आहेत. ज्यांनी हातात सुई घेऊन त्या रोगाशी दोन हात केले, ती तर ऐंशीच्या घरात आहेत. कोकण किनाऱ्यावर अशी माणसे दोन प्रकारची भेटतात. एक, जिल्हा परिषदेच्या किंवा त्याआधीच्या लोकल बोर्डाच्या नोकरीत वाडीवाडीतून, खाड्या ओलांडत देवी टोचत फिरलेली. दुसरी, जहाजावरच्या नोकरीमुळे किंवा दुकानदारीमुळे मोंबासा, दार-एस-सलाम, मोगादिशू, लागोस अशा बंदरांत राहिलेली आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या त्या देशांमधली देवीविरोधी मोहीम जवळून पाहिलेली. या दोघांच्या आठवणी टिपून ठेवू इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि घरातल्याच आजोबांसमोर बसू पाहणाऱ्या नातवंडांसाठी या सूचना आहेत.

माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे. मुलाखतीला जाण्यापूर्वी या रोगाचे वेळापत्रक पाठ करावे. सांगणाऱ्याचे साल चुकते, गाव चुकते, मेलेल्यांचा आकडा चुकतो. पण देवीचा रोग आपल्या ठरलेल्या दिवसांनीच चालत असे, आणि त्यामुळे आठवण तपासण्याचे साधन त्या आठवणीतच सापडते. लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत साधारण १२ दिवस जात. ते क्वचित सात, क्वचित सतराही असत. मग दोन ते चार दिवस कडक ताप, अंगदुखी आणि पाठदुखी. त्यानंतर तोंडाच्या आत आणि चेहऱ्यावर पुरळ उठे आणि ते हातापायांवर, अगदी तळहात आणि तळपायांवरही उतरे. एका भागावरचे सगळे फोड एकाच वेळी पिकत, आणि ते इतके खोल असत की बोटाला कातडीखाली छर्रे असल्यासारखे टणक लागत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खपल्या पडून जात आणि मागे वण राहत. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला सहसा पुन्हा येत नसत.

हे पाठ असले की काय होते, ते एका उदाहरणाने सांगतो. खाडीकाठच्या एका आजींनी मला सांगितले, की त्यांचे यजमान मुंबईहून शिमग्याला आले आणि तिसऱ्याच दिवशी धाकट्या मुलाला देवी आल्या; घरात आजपर्यंत त्याचा दोष यजमानांवरच आहे. तीन दिवसांत हे होणे शक्य नाही. अशा वेळी आजींना खोटे पाडू नये, डोळे तर मुळीच विस्फारू नयेत. फक्त विचारावे, की शिमग्याच्या आधीच्या पंधरवड्यात घरी कोण आले होते, मूल कुठे गेले होते, कोणाच्या मांडीवर बसले होते. आजी बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांना पलीकडच्या वाडीतले एक बारसे आठवले. नायजेरियापासून सोमालियापर्यंत फिरणारे शोधपथकांतले लोक प्रत्येक रोग्याच्या घरी हाच प्रश्न विचारत असत. दोन आठवड्यांपूर्वीचा पाहुणा सापडला, की साथीचे मागचे टोक हाती लागे. रोग्याकडे त्यानंतर येऊन गेलेले लोक मोजले, की पुढचे.

दुसरी तपासणी कांजिण्यांची. मराठीत बोलताना पुष्कळ लोक कांजिण्यांनाही देवी म्हणून जातात, त्यामुळे 'देवी' हा शब्द ऐकल्याबरोबर वहीत देवी असे लिहू नये. कांजिण्यांचे फोड छाती-पाठीवर जास्त असतात, ते टप्प्याटप्प्याने येतात म्हणून एकाच जागी काही कोवळे आणि काही सुकलेले दिसतात, खाज फार असते आणि तळहात बहुधा मोकळे राहतात. म्हणून "फोड कुठे जास्त होते, पोटावर की तोंडावर?" आणि "तळहातावर होते का?" हे दोन प्रश्न न चुकता विचारावेत. माझी एक नोंद याच कारणाने फुकट गेली. एका बाईंची १९८१ सालची 'देवी' मी चांगली चार पाने लिहून घेतली होती. भारतातला देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये आसामातल्या करीमगंज येथे सापडला होता, हे मला माहीत होते, तरीही सांगणे इतके रंगले होते की लिहिताना मी साल आणि रोग यांचा मेळ घातलाच नाही. अर्थात या बाबतीत कोणाला हसण्याचे कारण नाही. नैसर्गिकरीत्या देवी झालेला जगातला शेवटचा माणूस, सोमालियातल्या मेर्का गावच्या इस्पितळातला स्वयंपाकी अली माओ मालीन, याला ऑक्टोबर १९७७ मध्ये ताप आला तेव्हा आधी हिवताप समजला गेला आणि मग कांजिण्या. आणि हे इस्पितळात, ऐन मोहिमेच्या धामधुमीत घडले.

मालीनची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण ती मुलाखत घेणाऱ्याला बरेच शिकवते. तो इस्पितळात काम करत होता, काही काळ त्याने देवी टोचण्याचेही काम केले होते, पण स्वतः मात्र टोचून घेतले नव्हते, कारण सुई दुखेल अशी त्याला भीती वाटत होती. १२ ऑक्टोबरला देवी झालेली दोन मुले गाडीतून विलगीकरणाच्या छावणीकडे नेली जात होती. वाट दाखवायला तो त्या गाडीत थोडा वेळ बसला. २२ तारखेला ताप आला, २६ ला पुरळ उठले. दिवस मोजून पाहा. वेळापत्रक बरोबर जुळते. त्याच्या संपर्कात आलेले १६१ जण शोधून काढले गेले, दोन आठवड्यांत मेर्का आणि आसपास ५४,७७७ लोकांना टोचण्यात आले आणि साखळी तिथेच तुटली. पुढे हाच माणूस पोलिओच्या मोहिमेत घरोघर जाऊन स्वतःची गोष्ट सांगत असे. २०१३ साली त्याच काळात त्याला हिवतापाने मृत्यू आला. म्हणून निवृत्त आरोग्यसेवकाला "तुम्ही स्वतः टोचून घेतले होते का, आणि घरच्यांना?" हा प्रश्न अवश्य विचारावा. उत्तर अनेकदा हसतहसत येते आणि त्यात बरेच काही असते.

सोबत सालांचा एक कागद असावा, तोही स्वतःच्या हाताने लिहिलेला, म्हणजे तो डोक्यात राहतो. माझ्या कागदावर फार थोडे आहे. १९५८ साली सोव्हिएत संघाने जागतिक आरोग्य संघटनेपुढे देवी निर्मूलनाचा प्रस्ताव मांडला, भारताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला आणि जगभरची तीव्र मोहीम १९६७ पासून चालली. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या २० देशांत त्याच वर्षी काम सुरू झाले आणि मे १९७० नंतर तिथे देवी राहिली नाही. इथिओपियात १९७१ ते १९७६, सोमालियात १९७७. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. याखेरीज सत्तांतराची सालेही लिहून ठेवावीत, कारण सांगणारा माणूस "साहेब गेल्यावर" एवढेच म्हणतो : नायजेरिया आणि सोमालिया १९६०, टांगानिका १९६१, केनिया १९६३.

नावांचेही तसेच. सांगणारा टांगानिका म्हणाला तर आपण टांझानिया लिहू नये. दाहोमी म्हणाला तर बेनिन करू नये, अप्पर व्होल्टाचे बुर्किना फासो करू नये. तो ज्या नावाने देश ओळखतो, त्यावरून तो तिथे कधी होता हे कळते. आपल्याकडेही १९८१ पूर्वी सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, मालवण-देवगड रत्नागिरीत होते आणि रायगडाला कुलाबा म्हणत. त्यामुळे जुन्या नेमणुकीचा कागद कुठल्या कार्यालयात शोधायचा, हेही या नावांवरूनच ठरते.

बसायचे कधी, हे थोडक्यात सांगतो. लावणीच्या दिवसांत जाऊ नये, गणपतीत जाऊ नये, आणि मे महिन्यात चाकरमानी घरी आलेले असताना तर मुळीच नाही, कारण मग मुले-सुनाच बोलतात आणि म्हातारा ऐकतो. दिवाळीनंतरची दुपार चांगली. जेवण झालेले असते, ओटीवर सावली असते. फोनवर ध्वनिमुद्रण करावे, पण वही बंद करू नये. समुद्राकाठच्या पडवीत वाऱ्याचा आवाज माणसाच्या आवाजाला गिळून टाकतो, हे मी दोन तासांची एक मुलाखत घालवून शिकलो.

बोलण्याची सुरुवात साथीपासून करू नये, दंडापासून करावी. "आजोबा, तुमचा टोचलेला दंड दाखवा," असे म्हटले की आठवण आपोआप चालू लागते. हा व्रण वाचायला शिकले पाहिजे. आपल्याकडे आधी दात असलेली एक बारीक चकती कातडीवर दाबून फिरवत असत. तिचे व्रण मोठे, गोल आणि एकाहून अधिक असतात. नंतर दोन टोकांची सुई आली. आफ्रिकेत, विशेषतः पश्चिमेकडच्या देशांत, पायाने दाब भरून चालणारे बंदुकीसारखे यंत्र वापरले गेले, आणि त्याने एका तासात हजारभर लोकांना टोचता येत असे. म्हणून लागोसला उतरलेला एखादा खलाशी "आम्हाला बंदुकीने टोचले" असे म्हणाला, तर ती बढाई समजू नये. एक सावधगिरी मात्र बाळगावी. क्षयाच्या लशीचाही, म्हणजे बीसीजीचा, व्रण दंडावरच असतो. तो लहान असतो. देवीचा व्रण पसरट, जरा खोलगट आणि कडेला बारीक रेघा असलेला. १९८० नंतर जन्मलेला कोणी दंड पुढे करून देवीची खूण दाखवू लागला, तर ती बीसीजीची समजावी.

वस्तू हाती असली की आकडे दुरुस्त होतात. दाभोळच्या बाजूच्या एका चाचांनी मला सांगितले, की १९८० साली त्यांचे जहाज मोंबासाला लागले तेव्हा सोमालियात देवी सुरू होती आणि ज्यांचा टोचल्याचा दाखला जुना झाला होता त्यांना किनाऱ्यावर उतरू दिले नाही. साल चुकलेले होते, हे उघड होते, पण मी काही बोललो नाही. फक्त टोचल्याच्या नोंदींची ती पिवळी पुस्तिका अजून आहे का, असे विचारले. चाचींनी आतून पत्र्याची पेटी आणली. सीडीसी म्हणजे खलाशाचे नोकरीच्या नोंदींचे पुस्तक, पगाराच्या चिठ्ठ्या, मक्केहून आणलेली एक तसबीह आणि या सगळ्याखाली ती पुस्तिका. कडा खारट हवेने मऊ पडलेल्या, मुंबईचा शिक्का अर्धा पुसलेला, आणि त्याखाली नव्याने टोचल्याची नोंद, डिसेंबर १९७७. देवीचा तो दाखला तीन वर्षे चालत असे, हे मला ठाऊक होते, म्हणून मी आदल्या नोंदीची तारीख पाहिली. ती १९७४ च्या ऑक्टोबरातली होती. म्हणजे चाचांचा दाखला खरोखरच नुकता संपलेला होता, आणि ज्यांना उतरू दिले नाही त्यांत ते स्वतःही होते. हे त्यांनी आधी सांगितले नव्हते. ते हसले आणि म्हणाले, "मग काय, जहाजावरूनच मोंबासा बघितला."

याच चाचांच्या आणखी एका वाक्याने मला आधी गोंधळात टाकले होते. मोगादिशूहून आलेले लोक सांगत, की तिथल्या देवीने माणसे मरत नाहीत. मी ते ऐकीव म्हणून खोडून टाकणार होतो. पण देवीचे दोन प्रकार होते. आपल्याकडचा प्रकार दहांतल्या तिघांचा जीव घेई; इथिओपिया आणि सोमालियात शेवटी उरलेला प्रकार सौम्य होता आणि त्याने शंभरांत एखादाच दगावत असे. रोगी हिंडताफिरता राही, म्हणून तो लपवणेही सोपे जाई आणि शोधणे अवघड. सांगणाऱ्याचे वाक्य आपल्या माहितीशी जुळत नसेल, तर ते खोडण्याआधी आपली माहिती कुठल्या प्रदेशातली आहे हे पाहावे.

मोहिमेत प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाला "किती जणांना टोचले?" असे विचारू नये. त्याला आकडा द्यावा लागतो म्हणून तो देतो, आणि तो बहुधा वरिष्ठांना दिलेलाच असतो. त्याऐवजी "एका रोग्याची बातमी आल्यावर पहिल्या दिवशी काय केले?" असे विचारावे. या प्रश्नामागे एक इतिहास आहे. डिसेंबर १९६६ मध्ये पूर्व नायजेरियात ओगोजाच्या भागात साथ लागली, तेव्हा तिथे काम करणारे अमेरिकी डॉक्टर विल्यम फेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे सगळ्यांना पुरेल एवढी लस नव्हती. त्यांनी मिशनऱ्यांच्या रेडिओवरून गावोगावी माणसे धाडून रोगी कुठे आहेत याची खबर काढली, नकाशावर खुणा केल्या, आणि फक्त रोग्यांच्या भोवतीच्या लोकांना आणि रोग पुढे जिथे जाण्याचा संभव होता त्या बाजारगावांना टोचले. साथ थांबली. पुढे तिथे बियाफ्राचे यादवी युद्ध पेटले, पण ही रीत जगभर गेली आणि १९७३ नंतर भारतातही तिच्यावरच भर राहिला. लागण झाल्यावर तीन-चार दिवसांत टोचले तरी माणूस बहुधा वाचत असे, म्हणून पहिल्या दिवसाला इतके महत्त्व होते. ज्याने खरोखर हे काम केले आहे, तो पहिल्या दिवसाबद्दल विचारल्यावर आकडे सांगत नाही. घरे सांगतो, पायवाटा सांगतो, होडीवाल्याचे नाव सांगतो.

होडीवाल्याचे नाव लिहून घ्यावे. आफ्रिकेच्या मोहिमेबद्दल जे छापले गेले, त्यात बाहेरून आलेल्या डॉक्टरांची नावे ठळक आहेत, आणि स्थानिक टोचणारे, दुभाषे, गाडीवान यांचा उल्लेख बहुतेक वेळा फक्त संख्येने येतो. कोकणातही फार वेगळे झालेले नाही. ओझे वाहणारा, वाट दाखवणारा, गावकीची समजूत घालणारा मास्तर यांची नावे आता सांगणाऱ्याच्या तोंडातच आहेत.

देवाचा विषय निघतोच, आणि तो आपणहून काढू नये. देवी आलेल्या घराच्या दाराशी कडुनिंबाचा डहाळा लावणे, रोग्याला 'आई आली आहे' असे म्हणणे, चौलच्या किंवा गावातल्या शीतळादेवीला बोललेले नवस, गुरवाकडून लावलेला कौल, हे सगळे सांगणारा आपल्या भाषेत सांगेल; त्यातला एकही शब्द बदलू नये आणि आपल्या बाजूने 'अंधश्रद्धा' हा शब्द वहीत घालू नये. नायजेरियातल्या योरुबा लोकांत शोपोना हा देवीचा देव होता आणि त्याचे नावही मोठ्याने घेत नसत; शेजारच्या दाहोमीत सापाता होता. तिथेही टोचणारा गावात येई तो पुजाऱ्यासमोरूनच. रोग्याला घराबाहेर पडू न देण्याची देवीची शिस्त आणि आरोग्य खात्याचे विलगीकरण यांत प्रत्यक्षात किती अंतर होते, हे एखाद्या जुन्या आरोग्यसेवकाला विचारून पाहावे. मला मिळालेली उत्तरे मी अपेक्षिली होती त्याहून पुष्कळ सौम्य होती.

सर्वांत कठीण भाग जबरदस्तीचा आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचाही तोच. मोहिमेच्या अखेरच्या वर्षांत ठिकठिकाणी नकार देणाऱ्यांना धरून टोचले गेले. आफ्रिकेतल्या नव्या सरकारांच्या शिपायांनी ते केले, आपल्याकडेही झाले. हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नये. देवगडच्या बाजूला राहणाऱ्या एका निवृत्त आरोग्यसेवकाकडे मी तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी स्वतःच तो विषय काढला. एका घरात आईने मुलाला भाताच्या कणगीत लपवले होते. त्यांनी कणगीवरचे सूप बाजूला केले, मुलाला दंडाला धरून वर ओढले आणि तिथेच टोचले. मुलाच्या केसांत भाताचे कुसळ अडकलेले होते, हे त्यांना अजून दिसते. आई ओरडली नाही, फक्त चुलीकडे तोंड करून बसली. हे सांगून झाल्यावर त्यांनी माझ्या फोनकडे पाहिले. अशा वेळी ध्वनिमुद्रण ताबडतोब थांबवावे, हा भाग ठेवायचा की पुसायचा असे स्पष्ट विचारावे आणि उत्तरासाठी घाई करू नये. त्यांनी पुढच्या आठवड्यात मुलाकरवी निरोप धाडला, की ठेवा, पण वाडीचे नाव घालू नका.

आठवण कागदाशी ताडून पाहावी, पण कागदालाच शेवटचा शब्द मानू नये. ग्रामपंचायतीच्या जुन्या मृत्यूनोंदीत कारणाच्या रकान्यात नुसते 'ताप' असते. शाळेची हजेरीपत्रके मात्र उपयोगी पडतात. एकाच वाडीतली पाच-सहा मुले तीन-चार आठवडे सलग गैरहजर दिसली, तर तिथे काहीतरी घडले होते एवढे नक्की. चेहऱ्यावरचे वण हाही पुरावाच आहे. आफ्रिकेत देवी संपल्याची खात्री करणारी पथके गावोगावी लहान मुलांचे चेहरे पाहत हिंडत, कारण पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडावर वण दिसले, तर रोग त्या पाच वर्षांत तिथे होता हे सिद्ध होई. आपल्याला वाडीतली वण असलेली सर्वांत लहान वयाची व्यक्ती कोण, एवढे विचारले तरी तिथली शेवटची साथ कोणत्या सालाच्या आधीची नाही, ते कळते.

शेवटी मजकूर लिहून झाल्यावर तो सांगणाऱ्याला वाचून दाखवावा, सगळा, आणि हळू. मी देवगडच्या त्या आरोग्यसेवकांना वाचून दाखवत होतो. दोन टोकांची सुई लशीत बुडवायची, दोन टोकांमध्ये एक थेंब राहतो, मग दंडावर चवलीपेक्षाही लहान जागेत भराभर पंधरा वेळा टोचायचे, इथपर्यंत ते मान हलवत होते. त्याआधी मी माझ्या मनाने एक वाक्य घातले होते, की दंड स्पिरिटने पुसून घेत असत. त्यांनी हात वर केला. "स्पिरिट लावलंस तर लस मरतली मा!" ते म्हणाले. दंड मळलेला असला तर पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसायचा, एरवी काहीही लावायचे नाही. मी ते वाक्य त्यांच्यासमोरच खोडले, आणि त्यांनी वही मागून घेऊन ते नीट खोडले आहे का, हे चष्मा लावून पाहिले.